हरवलेले मूकपट आणि वाचायचा राहिलेला कागद

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) हा मूकपट दाखवण्याचा योग आला. बाळकृष्णाच्या भूमिकेतील फाळक्यांच्या कन्या मंदाकिनी यांचे हावभाव मुलींना फार आवडले. पडदा गुंडाळत असताना मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी पुढे आली. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकात तिने वाचले होते की भारतातील पहिल्या महिला दिग्दर्शक फातमा बेगम आणि त्यांचा पहिला चित्रपट 'बुलबुल-ए-परिस्तान' (१९२६). "मॅडम, पुढच्या वेळी तो दाखवा," असे ती म्हणाली. तो दाखवता येणार नाही, कारण त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, असे मी तिला सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग तो होता हे आपल्याला कळले कसे?"

प्रश्न साधा होता. पण त्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. मूकपट नष्ट का झाले, जे थोडे उरले ते कशामुळे उरले आणि जे गेले त्यांच्याविषयीची माहिती कोठे सापडते, या तीन मुद्द्यांचा येथे विचार केला आहे. यातील तिसरा मुद्दा मराठी, उर्दू आणि गुजराती शिकवणाऱ्या अध्यापकांशी थेट निगडित आहे, असे मला वाटते.

किती बनले, किती उरले

दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी, असे दोन्ही चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाले. तेथून १९३४ पर्यंत, म्हणजे बोलपट सुरू झाल्यानंतरही तीन वर्षे, भारतात मूकपट तयार होत राहिले. त्यांची एकूण संख्या तेराशेहून अधिक भरते. त्यांपैकी आज तिसाच्या आसपास शिल्लक आहेत आणि त्यांतीलही अनेक अपूर्ण आहेत. कोणाचे एक रीळ उरले आहे, तर कोणाची काही मिनिटे.

हे प्रमाण शंभरात दोन-तीन इतके पडते. अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील सुमारे ११,००० मोठ्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. त्या देशात ही हानी राष्ट्रीय नुकसान मानली जाते. आपल्याकडील हानी तिच्या कितीतरी पट मोठी असूनही आपल्या अभ्यासक्रमांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

'श्री पुंडलिक' गेला. ज्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी पडद्यावर प्रथम काम केले, तो 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) गेला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात काढलेला 'सावकारी पाश' (१९२५) गेला. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या संग्रहालयात आहेत. परंतु ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाची एकही फूट फिल्म आपल्याजवळ नाही, असेच म्हणावे लागेल.

फिल्म नावाचा नाशवंत पदार्थ

मूकपटांच्या काळातील व्यावसायिक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसासारख्या पदार्थावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हे द्रव्य बनते. बंदुकीसाठी वापरला जाणारा स्फोटक कापूस याच कुळातला. ही पट्टी पारदर्शक, लवचीक आणि मजबूत असल्यामुळे जगभर तिचा वापर झाला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती बाजारात होती.

तिचे दोन दोष होते. पहिला म्हणजे ती अतिशय ज्वालाग्राही. एकदा पेटली की जळताना तिच्यातूनच प्राणवायू मिळत राहतो. त्यामुळे पाणी मारून किंवा झाकून ती विझत नाही. दुसरा दोष असा की ती नुसती ठेवली तरी कुजते. प्रथम चित्र फिके पडते, मग पट्टी चिकट होते, तिच्यावर फोड येतात, रीळ एकजीव गोळ्यासारखे होते आणि अखेरीस डब्यात तपकिरी भुकटी उरते. कुजताना बाहेर पडणारे वायू शेजारच्या रिळांनाही बिघडवतात. कुजलेली फिल्म दीर्घकाळ उष्णतेत राहिली तर सुमारे ४१ अंश सेल्सिअसलाही आपोआप पेट घेऊ शकते. हैदराबाद, ग्वाल्हेर किंवा सोलापूरकडील पत्र्याच्या खोलीतला मे महिना डोळ्यांसमोर आणला, तर या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आगींचा इतिहासही मोठा आहे. द्वारकादास संपत यांच्या मुंबईतील कोहिनूर कंपनीचे १९२३ मधील आगीत मोठे नुकसान झाले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे ज्या गोदामात ठेवली होती, त्यालाच आग लागली आणि जपून ठेवलेला मोठा साठा काही तासांत गेला. संग्रहात आले म्हणजे सुरक्षित झाले, असे नायट्रेटच्या बाबतीत कधीच म्हणता आले नाही.

धंद्याचे गणित

तथापि सगळा दोष रसायनावर टाकणे योग्य होणार नाही. बहुसंख्य मूकपट कुजण्यापूर्वीच माणसांच्या हातून गेले.

त्या काळी चित्रपटाच्या थोड्याच प्रती काढल्या जात. त्या आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या गावी आणि शेवटी तंबूतल्या फिरत्या सिनेमात चालत. प्रत्येक मुक्कामी फिल्मवर ओरखडे पडत, तुटलेला भाग कापून जोडला जाई. चार-पाच वर्षांत प्रतीचा चुरा होई. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला आणि प्रेक्षकांना बोलणारी चित्रे हवीहवीशी झाली. ज्या मूकपटातून आता एक पैसाही मिळणार नाही, त्याच्या ज्वालाग्राही रिळांसाठी जागा कोण अडवून ठेवणार?

शिवाय रिळांना दुसरी किंमत होती. फिल्मवरील चित्र हे चांदीच्या कणांचे बनलेले असते. रिळे धुऊन ती चांदी काढून घेता येई आणि उरलेले सेल्युलॉईड बांगड्यांसारख्या वस्तूंसाठी विकता येई. पुण्याच्या संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांनी सांगितलेला प्रसंग या संदर्भात बोलका आहे. 'आलम आरा'चे निर्माते आर्देशीर इराणी यांनी त्यांना काही रिळे कोठेतरी पडलेली असतील असे सांगितले. पण ती चांदीसाठी केव्हाच विकली गेल्याचे त्यांच्या मुलाने निघताना नायर यांना सांगितले. म्हणजे पहिला बोलपटही मूकपटांच्याच वाटेने गेला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. जुना माल मोडीत काढणे हा कोणत्याही व्यापाराचा रिवाजच आहे.

कायद्यातील उणीव

एकोणिसाव्या शतकातील मराठी किंवा उर्दू पुस्तकाचा शोध घेताना आपल्याला एक आधार असतो. १८६७ च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यांच्या तिमाही याद्या प्रसिद्ध होत. त्यामुळे एखादे सामान्य पुस्तकही कोठल्यातरी ग्रंथालयात सापडते. चित्रपटांसाठी अशी तरतूद नव्हती. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे तपासणी मंडळे स्थापन झाली. ती प्रत्येक चित्रपट पाहत, काय कापायचे ते सांगत आणि प्रमाणपत्र देत; पण प्रत ठेवून घेत नसत. सरकारला चित्रपट आक्षेपार्ह आहे की नाही एवढेच पाहायचे होते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर ५१ वर्षांनी आणि शेवटच्या मूकपटानंतर ३० वर्षांनी. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. नायर १९६५ मध्ये तेथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी गावोगाव फिरून, कुटुंबीयांना भेटून, भंगारातून रिळे गोळा केली. आज आपण फाळक्यांचे जे काही पाहू शकतो, त्याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते.

जे उरले ते कसे उरले

उरलेल्या मूकपटांची यादी पाहिली तर ते उत्तम होते म्हणून उरले, असे दिसत नाही. त्यांच्या वाचण्याची कारणे साधारणपणे चार प्रकारची आहेत.

पहिले कारण घर. फाळक्यांची काही रिळे त्यांच्या कुटुंबीयांकडे राहिली आणि तेथून ती संग्रहालयात आली.

दुसरे कारण परदेश. हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'लाइट ऑफ एशिया' (१९२५), 'शिराझ' (१९२८) आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) हे चित्रपट युरोपीय कंपन्यांच्या भागीदारीत निघाले होते. त्यांच्या प्रती युरोपात गेल्या आणि तेथील संस्थांनी जपल्या. ताजमहालाच्या निर्मितीची कल्पित कथा सांगणारा 'शिराझ' २०१७ मध्ये लंडनमध्ये नव्या संगीतासह पुन्हा दाखवला गेला. ज्या चित्रपटाची परदेशात प्रत गेली नाही, त्याला हे भाग्य लाभले नाही.

तिसरे कारण कोर्टकचेरी. सी. व्ही. रामन पिळ्ळा यांच्या कादंबरीवर आधारलेला 'मार्तंड वर्मा' हा मल्याळी मूकपट १९३३ मध्ये प्रदर्शित होताच प्रकाशकाने हक्कभंगाची तक्रार केली आणि प्रत जप्त झाली. ती प्रकाशकाकडेच पडून राहिली आणि १९७४ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाकडे आली. खटला झाला नसता तर तीही प्रत तंबूतल्या सिनेमात झिजून गेली असती. निर्मात्याच्या दृष्टीने जे संकट होते, तेच इतिहासाच्या दृष्टीने वरदान ठरले.

चौथे कारण देवाणघेवाण. कलकत्त्याच्या मादन कंपनीचा 'बिल्वमंगल' (१९१९) मूळ सुमारे १२,००० फुटांचा होता. त्याची ५९४ मीटर, म्हणजे अंदाजे एकषष्ठांश फिल्म पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात असल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये 'जमाई बाबू' (१९३१) या बंगाली मूकपटाच्या प्रतीच्या बदल्यात पुण्याच्या संग्रहालयाने तिची प्रत मिळवली. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटाचे हरवलेले प्रसंगही २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात सापडले. तेव्हा आशा अजिबात सोडण्याचे कारण नाही. मात्र तिच्यावर विसंबून स्वस्थ बसणेही बरे नाही.

पडद्यावरील तीन-चार लिपी

मूकपटाला भाषा नव्हती, असे आपण सहज बोलून जातो. ते पूर्णपणे खरे नाही. दृश्यांच्या मधोमध पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. फाळक्यांच्या उरलेल्या रिळांत इंग्रजी आणि देवनागरी मजकूर आपण आजही वाचू शकतो. १९२० च्या दशकातील मुंबईच्या कंपन्यांना पंजाबपासून दक्षिणेपर्यंत आणि कराचीपासून रंगूनपर्यंत गिऱ्हाईक हवे होते. त्यामुळे इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू आणि कोठे मराठी यांपैकी तीन-चार भाषांत एकाच वेळी मजकूर देण्याची पद्धत पडली. बहुतेक प्रेक्षकांना वाचता येत नसे. म्हणून अनेक ठिकाणी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा आणि कथा समजावणारा माणूस ठेवलेला असे. पेटी-तबल्याची साथ तर असेच. म्हणजे मूकपटाचे थिएटर शांत नव्हते आणि एकभाषीही नव्हते.

फातमा बेगम यांची कारकीर्द याच बहुभाषी वातावरणातील. त्यांचा जन्म १८९२ चा. उर्दू रंगभूमीवर काम केल्यानंतर १९२२ मध्ये आर्देशीर इराणी यांच्या स्टार कंपनीच्या 'वीर अभिमन्यू'तून त्या पडद्यावर आल्या. ज्या काळात पुरुष स्त्रीपात्रे रंगवीत होते, त्या काळात त्या स्वतः पडद्यावर आल्याच, शिवाय झुबेदा, सुलताना आणि शहजादी या तिन्ही मुलींनाही त्यांनी या क्षेत्रात आणले. कोहिनूरच्या 'गुल-ए-बकावली' (१९२४) मध्ये त्यांनी झुबेदांसह काम केले. बकावलीच्या फुलाची ही कथा उर्दूत दयाशंकर नसीम यांच्या मसनवीमुळे सर्वतोमुखी झाली होती आणि मराठी वाचकांनाही 'गुलबकावली' हे नाव नवे नव्हते. १९२६ मध्ये त्यांनी 'फातमा फिल्म्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. पऱ्यांच्या राज्यातील ही अद्भुतरम्य कथा होती. पुढे १९२८ मध्ये कंपनीचे नाव 'व्हिक्टोरिया-फातमा' झाले. १९३१ मध्ये झुबेदा 'आलम आरा'च्या नायिका झाल्या. आईचे पहिले दिग्दर्शन आणि मुलीचा पहिला बोलपट, या दोहोंपैकी एकाचीही प्रत आज नाही. फातमा बेगम १९८३ पर्यंत हयात होत्या. पुण्याचे संग्रहालय त्या वेळी १९ वर्षांचे झाले होते.

मग तो होता हे कळले कसे?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. चित्रपट जातो, पण तो दाखवण्यासाठी जो कागद खर्ची पडला, तो सगळाच जात नाही. हा कागद मुख्यतः पाच ठिकाणी आढळतो.

एक, सरकारी कागद. मुंबईच्या तपासणी मंडळाने प्रमाणपत्र दिलेल्या चित्रपटांच्या याद्या मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये छापल्या जात. त्यांत चित्रपटाचे नाव, कंपनी आणि लांबी असे. वीरचंद धरमसी यांनी अशा नोंदी आणि जुन्या जाहिराती जुळवून भारतीय मूकपटांची जी सविस्तर सूची तयार केली, ती सुरेश छाब्रिया यांनी संपादित केलेल्या १९९४ च्या 'लाइट ऑफ एशिया' या ग्रंथात आहे. आपण आज 'तेराशेहून अधिक' असा आकडा सहज सांगतो, त्यामागे अशा प्रकारचे कष्ट आहेत.

दोन, बंदीचा कागद. कोहिनूरचा 'भक्त विदुर' (१९२१) आज नाही. परंतु त्यातील विदुर महात्मा गांधींसारखा दिसतो आणि पुराणकथेच्या आडून सरकारवर टीका होते, असा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता आणि कराची व मद्रास येथे त्यावर बंदी आली. बंदीची कारणे लिहून ठेवावी लागली आणि त्यामुळे विदुराने डोक्यावर काय घातले होते, हेही आपल्याला समजते. मान्यता मिळालेल्या चित्रपटांविषयी सरकारने एक ओळ लिहिली. ज्यावर बंदी घातली, त्याविषयी मात्र सविस्तर लिहिले.

तीन, चौकशी समितीचा कागद. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील १९२७-२८ च्या सिनेमा चौकशी समितीने ३५३ साक्षीदार तपासले. पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर हे या समितीचे सदस्य होते. फाळक्यांसह निर्माते, थिएटरमालक, अध्यापक, संपादक यांच्या साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रेक्षक कोण होते, कोठे बसत, कोणत्या भाषेतला मजकूर त्यांना हवा होता, हे त्यांतून कळते.

चार, वृत्तपत्रे, नियतकालिके आणि मूळ कथा. १९२४ मध्ये सुरू झालेले 'मौज मजाह' हे गुजराती साप्ताहिक, मराठी-उर्दू वृत्तपत्रांतील जाहिराती, चित्रपटासोबत विकल्या जाणाऱ्या कथासाराच्या पुस्तिका, हे साहित्य आजही पुरते वाचलेले नाही. कथा एखाद्या खऱ्या घटनेवर असेल तर आणखी कागद मिळतो. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, त्या प्रकरणात मुमताज बेगम यांचे नाव गाजले आणि पुढे इंदूरचे तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली. कोहिनूरने त्याच वर्षी 'कुलीन कांता' हा चित्रपट या प्रकरणावर काढला. त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या इंदूरच्या विद्यार्थ्याला न्यायालयीन वृत्तांतापासून सुरुवात करता येईल.

पाच, आठवणी. त्या मौल्यवान असतात, पण तपासून घ्याव्या लागतात. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी 'सावकारी पाश'विषयी लिहिताना अंधूक प्रकाशातील उदास झोपडी आणि तेथे विव्हळणारा कुत्रा यांची आठवण सांगितली आहे. चित्रपट मूक होता; कुत्र्याचा आवाज पडद्यावरून येणे शक्य नव्हते. वाडिया खोटे सांगत नव्हते. चित्राचा परिणाम इतका गडद होता की त्यांच्या स्मरणात आवाज उमटला. चित्रपट नसताना अशी आठवण पुरावा म्हणून कशी वापरावी, हा इतिहासाच्या वर्गासाठी उत्तम प्रश्न आहे.

हैदराबादचे एक उदाहरण येथे नोंदवले पाहिजे. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी निजामाच्या आश्रयाने १९२२ मध्ये तेथे लोटस फिल्म कंपनी काढली. १९२४ मध्ये मुंबईत बनलेला 'रझिया बेगम' त्यांनी दाखवला. शाहजादीच्या प्रेमाची ती कथा निजामाला रुचली नाही आणि गांगुलींना राज्य सोडावे लागले, असा वृत्तांत सर्वत्र आढळतो. हैदराबादेतील उर्दू वृत्तपत्रांनी त्या आठवड्यांत काय लिहिले, हे कोणी शोधले तर या ऐकीव वृत्तांताची पडताळणी होईल. हे काम करायला उर्दू येणारा माणूस हवा.

एक अर्धे हँडबिल

हा कागदही कायमचा नाही, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका तालुक्याच्या गावी बंद पडलेले जुने थिएटर पाडायला काढले. तेथे जुन्या हँडबिलांच्या दोन ट्रंका आहेत, असे एका माजी विद्यार्थ्याने फोन करून कळवले. तो परीक्षेचा काळ होता, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्यापुढे होते. पुढच्या रविवारी जाऊ, असे मी ठरवले. रविवारी पोहोचले तेव्हा ट्रंका रिकाम्या होत्या. कागद किलोच्या भावाने रद्दीत गेला होता. घरच्या मंडळींनी चहा दिला, वाईटही वाटून घेतले. चांदीसाठी रिळे विकणाऱ्यांविषयी मी वर्गात जे काही बोलत असे, ते मला तेव्हा आठवले. येथे उशीर माझाच झाला होता.

एका हिशेबाच्या वहीला आतून चिकटवलेले अर्धे हँडबिल तेवढे मला मिळाले. वरचा भाग फाटलेला असल्यामुळे चित्रपटाचे नाव नाही. खाली मराठी, गुजराती आणि उर्दूत तिकिटाचे दर आहेत, पेटी-तबल्याची साथ असल्याचे लिहिले आहे. त्यावरून ते मूकपटाचे असावे असे ठरवता येते. मराठीत 'स्त्रियांकरिता बसण्याची निराळी सोय' आहे आणि उर्दूत त्याच ठिकाणी 'मस्तूरात के लिए पर्दे का माकूल इंतजाम' आहे. गुजरातीत ही ओळच नाही. एकाच मालकाने एकाच कागदावर तीन गिऱ्हाइकांशी तीन प्रकारे केलेले हे बोलणे आहे. मी आता दरवर्षी ते वर्गात नेते. तिन्ही लिपी एकट्याला वाचता येतील असा विद्यार्थी अजून मिळालेला नाही. दोघे-तिघे मिळून वाचतात.

अध्यापकांना काय करता येईल

यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. आपल्या महाविद्यालयाच्या गावात १९३५ पूर्वीचे थिएटर होते का, याची चौकशी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून करता येईल. सापडलेल्या कागदाचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र काढावे, तो कोणाकडे, केव्हा सापडला हे लिहून ठेवावे, मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा आणि त्याला त्याचे महत्त्व सांगावे. कोणाच्या घरी जुनी रिळे आढळली, तर मात्र ती उघडू किंवा उन्हात ठेवू नयेत. डबा ज्योतीपासून दूर ठेवून पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. मराठीच्या अध्यापकाने 'सावकारी पाश' ही कादंबरी शिकवताना त्यावरील हरवलेल्या चित्रपटाचा उल्लेख करावा. उर्दूच्या अध्यापकाने जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींत बातम्यांबरोबर जाहिरातींचेही पान उलटून पाहावे. मराठी आणि उर्दू विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात. त्यांनी एक फाइल एकत्र बसून वाचली, तर दोघांनाही एकट्याने न दिसणारे काहीतरी दिसेल.

त्या विद्यार्थिनीला मी यंदा पुन्हा बोलावले आणि वर सांगितलेल्या पाच ठिकाणांची यादी तिला दिली. तिने 'बुलबुल-ए-परिस्तान'ची जाहिरात शोधण्याचे काम घेतले आहे. तिला गुजराती येत नाही आणि उर्दू ती अडखळत वाचते. म्हणून तिने आधी गुजराती अक्षरे गिरवायला घेतली आहेत.